मोठ्या भाकरीचा चतकोर

माणिकराव मिस्त्रींची आणि माझी ओळख भांडणातून झाली, आणि भांडण झालं ते मास्तरांच्या धोतरांवरून.

मास्तर म्हणजे माझे यजमान. शाळेत गणित शिकवायचे. सगळं खामगाव त्यांना मास्तर म्हणतं म्हणून मीही इथे तसंच लिहिते. त्रेसष्ट सालचा पावसाळा सरल्यावर आम्ही नांदुरा रोडच्या घरात राहायला आलो. विहिरीला पाणी बक्कळ, परस ऐसपैस, खोट म्हणाल तर एकच. परसाच्या काटेरी कुंपणापलीकडे मोटारींचं गॅरेज होतं. पहिल्याच आठवड्यात मी चार धोतरं नीळ घालून वाळत टाकली आणि तासाभराने बघते तो सगळ्यांवर तीळ सांडल्यासारखे काळे ठिपके.

मी धोतर हातात घेऊन तशीच कुंपणाशी गेले. "कोण आहे तिकडे?"

एका ट्रकखालून आधी दोन पाय बाहेर आले, मग खाकी अर्धी चड्डी आणि मग सावकाश सगळा माणूस. चाळिशीचा, उंच, मिशा कातरलेल्या.

"काय झालं बाई?"

"हे बघा काय झालं ते. मास्तरांनी हे नेसून शाळेत जायचं का?"

त्यांनी हात मागे बांधले, कारण हात तेलाने माखले होते. मग वाकून, डॉक्टर जीभ बघतो तसं धोतर बघितलं. "काजळी आहे. कोरडी आहे पन, तेलकट नाई. धुतल्यावर निंगन."

"निघेल ते मलाही कळतं. पडूच नये म्हणून काय करता?"

"वारा पालटला का नाई पडत."

"मग वाऱ्याला मी सांगू का तुम्ही सांगता?"

ते हसले. तोंडभर हसले, आणि माझा राग तिथेच अर्धा झाला. संध्याकाळी त्यांची बायको जनकाबाई आली आणि म्हणाली, "द्या ते धोतरं मास्तरीनबाई, मी धुऊन देते. आमच्या घरचा धूर आहे, आमीच काढला पाह्यजे." मी धोतरं काही दिली नाहीत, चहा दिला. ती कपाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "याच कपात?" मी म्हटलं, "माझ्याकडे दुसरे नाहीत. आहेत ते सगळे असेच." ती बसली, आणि पुढची तीसएक वर्षं दर दोन दिवसांनी येऊन बसत राहिली.

माणिकराव हिवराळे मूळचे लोणारजवळच्या सुलतानपूरचे. बापाकडे गावची येसकरकी, म्हणजे वेशीची राखण, होती. अठराव्या वर्षी पोरगा फौजेत गेला, मोठ्या लढाईच्या दिवसांत. तिथे त्यांना बंदुकीऐवजी पाना मिळाला. आधी मिसर म्हणजे इजिप्त, मग इटली. गाड्या दुरुस्त करायच्या वर्कशॉपात चार वर्षं काढली. इंग्रजांच्या गाड्या, अमेरिकेच्या गाड्या आणि लढाईत पकडलेल्या जर्मनांच्या गाड्या, सगळ्या त्यांच्या हाताखालून गेल्या. छप्पन्न सालानंतर घरात बुद्धाची तसबीर आली. तिच्या शेजारी एका खिळ्याला फौजेतलं डिस्चार्जचं पुस्तक टांगलेलं असे. शिक्षणाचा कागद म्हणून तेवढाच होता.

देशांचे स्वभाव ते इंजिनांवरून सांगायचे. कुंपणाच्या त्या बाजूला ते, या बाजूला भाजी निवडत मी.

"अमेरिकेची गाडी पेट्रोल पेते, पान्यासारखी. त्याहिच्याकडे हाय मायंदळ, तं पेते. इंग्रजाच्या डिझेलचा फवारा सीधा पिस्टनच्या टाळूवर पडते. पाव्हना आला का बोलावला सीधा माजघरात! अन् जर्मनाचं तसं नाई. त्याच्या इंजिनाले आंधी एक ल्हान खोली राह्यते, ओसरीसारखी. डिझेल तिथं पेटते अन् मंग आत जाते. थंडीत ते ओसरी गरम कराले आत एक तार लाल होते."

"आणि आपल्या देशाचं इंजिन कसं असतं?"

"आपला देश अजून दोघाइच्या वह्या पाहून लिवून राह्यला बाई," ते म्हणाले.

हे खरंच होतं. त्या काळी आपल्याकडे तयार होणारे ट्रक दोन घराण्यांचे. एक इंग्रजी नमुन्याचे, एक जर्मन नमुन्याचे. खामगावात इंग्रजी नमुन्याच्या जुन्या गाड्या बऱ्याच होत्या. जर्मन नमुन्याच्या गाड्या नव्याने येऊ लागल्या होत्या, आणि कापसाच्या गाठी वाहायला मालकांना त्याच हव्या होत्या.

माणिकरावांची कीर्ती होती ती पंपाची. डिझेलचा पंप नेमका कोणत्या क्षणी फवारा सोडतो यावर गाडीचा सगळा जीव. त्या क्षणाची खूण असते इंजिनामागच्या जड लोखंडी चाकावर, फ्लायव्हीलवर. ते चाक पूर्ण कधी दिसत नाही. झाकण काढलं की वीतभर खिडकीतून तेवढा तुकडा दिसतो. जुन्या गाड्यांच्या खुणा झिजून गेल्या होत्या, म्हणून माणिकराव स्वतःची खूण छिन्नीने मारायचे: एक उभी रेघ आणि तिच्या डोक्यावर दोन ठिपके. माप घ्यायची त्यांची तऱ्हाही स्वतःचीच. तंबाखूच्या डबीत मेण लावलेलं एक सूत ठेवलेलं, त्याला दोन गाठी. दोन गाठींमधलं अंतर सत्तावीस सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे वाचणाऱ्याला सुतारानेही सांगितलं असेल. पिस्टन सगळ्यात वर असताना चाकावर खडूची रेघ मारायची, तिथे पहिली गाठ धरायची, सूत चाकावरून ताणायचं आणि दुसऱ्या गाठीवर छिन्नी.

या खुणेचं पुढे असं झालं की ती नसलेली गाडी लोकांना अर्धवट वाटू लागली. नव्या गाड्यांवर कंपनीची खूण धडधडीत असायची, तरी मालक म्हणायचे, "ते राहू दे मिस्त्री, तुमची मारा." माणिकराव मारायचे. आणि पुढे एखाद्याचा घोटाळा नको म्हणून कंपनीची खूण कानशीने घासून टाकायचे. अशा नऊ नव्या गाड्यांवर त्यांनी आपल्या खुणा मारल्या होत्या, जळगाव जामोदपर्यंतच्या.

यातली दोन रंगरावांची. रंगराव म्हणजे गॅरेजच्या जागेचे मालक, जुने दोन आणि नवे दोन अशा चार ट्रकांचे धनी. बोलायला रांगडे, पण मनाने वाईट नाहीत. त्या हिवाळ्यात त्यांनी रस्त्याला लागून पक्कं गॅरेज बांधायला काढलं होतं आणि वर मोठा पत्र्याचा बोर्ड लावायचा ठरवला होता. पेंटरने अक्षरं काढली तेव्हा जनकाबाई मला ओढत बघायला घेऊन गेली. निळ्यावर पांढरं: श्री. माणिकराव हिवराळे, मिस्त्री. इंग्लिश व जर्मन गाड्यांचे पंप.

जनकाबाईला वाचता येत नव्हतं. तिने बोटाने पहिलं अक्षर दाखवून विचारलं, "हे श्री होय नं?"

"हो."

"आमच्या सासऱ्याले सारं गाव सक्या म्हने. मरेलोक सक्याच म्हटलं," ती म्हणाली. मग पदराने पत्र्यावरची धूळ पुसली, रंग अजून ओला आहे हे विसरून. पदराला निळा डाग पडला. तो तिने पुढे कितीतरी दिवस घालवला नाही.

त्या बोर्डावर काय होतं हे मला त्या दिवशी कळलं.

आता धोतरांकडे येते. घरातल्या बाईला वाळवणाचं जेवढं कळतं तेवढं कोणाला कळत नसेल. दोन महिने मी काही न बोलता बघत होते, आणि माझ्या लक्षात एक गोष्ट आली. गॅरेजात जुनी गाडी चालू करून ठेवली तर माझे कपडे स्वच्छ राहतात. नवी गाडी चालू केली की ठिपके. वारा कुठलाही असो.

हे मी माणिकरावांना सांगितलं तेव्हा ते थोडे तुटकपणे बोलले. "जर्मनचं इंजिन आहे ते. थंड देशासाठी बनलं. आपल्या इकडची हवा गरम, पातळ. धूर तं देईनच. अन् ड्रायव्हर लोकाइले तेच पसंत आहे. काळा धूर निंगाला का म्हन्तात, गाडीत ताकत आहे."

"इटलीत पकडलेल्या गाड्या एवढाच धूर द्यायच्या?"

 ते हातातला फवाऱ्याचा नोझल उगाच पुसत राहिले. मग म्हणाले, "आमचा सार्जंट होता एक. जर्मनची गाडी दुरुस्त झाली का धुराच्या नळीपुढं सफेद रुमाल धरे. रुमाल काळा झाला तं गाडी वापस. त्या गाडीवर तो रुमाल सफेदच राहे." पुढे म्हणाले, "पन तिकडं थंडी."

मी विचारलं, "गाडीबरोबर कंपनीचं पुस्तक येत असेल ना?"

पुस्तक होतं. रंगरावांच्या घरी, लाल फडक्यात गुंडाळून कपाटात. दसऱ्याला गाडीची पूजा झाली की पुस्तकाची व्हायची. इंग्रजीत होतं, त्यामुळे याहून त्याचा दुसरा उपयोग कोणी केला नव्हता. माणिकरावांनी ते मागून आणलं. कव्हरवर हळदीकुंकवाचा थर, आणि पानं इतकी कोरी की एकमेकांना चिकटलेली.

मी बी.ए. झाले अमरावतीला, इंग्रजी घेऊन. पण त्या इंग्रजीत पंप नव्हता. तरी एकेक ओळ लावत गेले. एक पान निघालं 'उष्ण देशांसाठी सूचना' असं. माणिकराव कुंपणावरून पुढे वाकले.

"काय म्हन्ते?"

"तेल जाड घाला म्हणतंय. हवेची जाळी धुळीच्या मुलखात लवकर लवकर धुवा. पाण्याकडे लक्ष ठेवा."

"अन् पंपाच्या टायमाचं?"

"टायमाचं काही नाही. ते सगळ्या देशांना एकच आहे असं लिहिलंय. आणि इथे खाली: गाडी पूर्ण भारात असतानाही धूर दिसेल न दिसेल इतकाच असावा."

त्यांचा चेहरा मला बघवेना. "टाइम केवढा दिला?"

"अठ्ठावीस डिग्री."

"डिग्री म्हन्जे बुखार मोजतात ते?"

"ते नव्हे."

"मंग तुमच्यापाशी आहे ते?" दोघंही हसलो. "मले सुतात सांगा बाई. माझं सूत सत्तावीसचं. यानं अठ्ठावीस म्हटलं. एका सुताचा फरक, त्यानं एवढा धूर होत नाई."

मी म्हटलं, डिग्री म्हणजे कोनाचं माप, वर्तुळाचे तीनशे साठ भाग. पण चाकावर त्याचं काय होतं हे मलाही नीट सांगता येईना. मास्तर शाळेत होते. संध्याकाळी विचारू म्हणून आम्ही पुस्तक मिटलं.

मास्तरांना विचारायची वेळ आली नाही. दुपारी मी लोणच्याची बरणी द्यायला जनकाबाईकडे गेले, तेव्हा माणिकराव जेवायला बसले होते. चुलीपाशी दोन भाकरी होत्या. एक नेहमीची, परातीएवढी. दुसरी पीठ संपत आलं म्हणून थापलेली, तळहाताएवढी. जेवता जेवता त्यांचं लक्ष शेजारी उघड्या ठेवलेल्या पुस्तकातल्या चित्रांतच. जनकाबाईने विचारलं, "अजून देऊ?"

"चतकोर दे."

तिने लहान भाकरीचे चार तुकडे केले आणि एक ताटात टाकला. माणिकरावांनी तो घासाबरोबर संपवला आणि वर बघितलं. "हा चतकोर होय?"

"चतकोर नाई तं काय? चारातला एक दिला."

"हा तं मांजरीले बी पुराचा नाई."

"मंग मोठ्या भाकरीचा चतकोर पाह्यजे असं म्हना. दोन्हीले चतकोरच म्हन्तात. पोटाले सारखा पुरते थोडीच? सकायपासून त्या पुस्तकात डोकं घालून बसले, अन् भाकरीतला फरक समजून नाई राह्यला!"

तिने मोठ्या भाकरीचा चतकोर मोडला आणि ताटात ठेवला. माणिकरावांनी तो उचलला नाही. त्याची गोल कड बोटाने मोजली. मग लहान भाकरीचा उरलेला तुकडा घेऊन त्याच्याशेजारी ठेवला, टोकाला टोक लावून. एकाची कड दोन बोटं, दुसऱ्याची चांगली चार.

"जनका," ते म्हणाले, "त्या गाड्याचं चाकच मोठं आहे."

ताट तसंच ठेवून ते उठले. जनकाबाई माझ्याकडे बघून म्हणाली, "आता याहिले काय चावलं?"

इंग्रजी गाडीचं चाक लहान. तिच्यावर सत्तावीस सूत बरोबर. तोच दोरा त्यांनी मोठ्या चाकावर ताणला होता, कारण वीतभर खिडकीतून चाक लहान की मोठं हे दिसतच नाही. गॅरेजात रंगरावांची एक नवी गाडी उभी होती. त्यांनी नवं सूत घेतलं, एका माणसाला हँडल मारायला लावलं आणि खिडकीतून चाकाचा पूर्ण घेर थोडा थोडा करून मोजला. चारशे बावन्न सूत. त्याचे तीनशे साठ भाग केले तर अठ्ठावीस भागांना किती सूत, हा हिशेब मी केला, मास्तरांच्या जुन्या पेपराच्या पाठीवर. पस्तीस.

आठ सूत कमी. पिस्टन माथ्यावर पोचण्याच्या आधीच फवारा सुटायला हवा, आणि ते आधीचं अंतरच आठ सुतांनी कमी पडलं होतं. म्हणजे नऊच्या नऊ गाड्यांमध्ये फवारा उशिरा पडत होता, अर्धवट जळत होता आणि धूर होऊन बाहेर पडत होता. धुराचं एक वेळ सोडा. अशी गाडी भारात तापते. घाट चढताना मध्येच दम सोडते, आणि गाठी लादलेली गाडी घाटात थांबली की पुढचं सगळं ब्रेकच्या हातात.

रंगराव बांधकामावर होते. माणिकराव तिथे गेले आणि सगळं सांगितलं. मी त्या वेळी जनकाबाईबरोबर थोडी मागे उभी होते. पेंटरने बोर्ड वाळायला भिंतीला टेकवून ठेवला होता.

रंगरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. "किती जनाइले माहीत आहे?"

"मले, मास्तरीनबाईले, जनकाले. आता तुमाले."

"मंग चूप राह्य. गाड्या तं येतातच तुह्याकडं. जे जे येईन तिची खूण बदलून टाकजो. कोनाले समजत नाई."

"यायले दोन महिने लागन भाऊ. कोनाले चार."

"लागू दे."

"तुळशीराम आज गाठी घेऊन बुलडाण्याले जाऊन राह्यला. बोथ्याच्या घाटानं."

"आजलोक गेला नाई का तो घाटानं?"

"गेला. मले माहीत नव्हतं."

रंगराव उठून जवळ आले. आवाज खाली करून बोलले, पण मला ऐकू आलं. "हे पाय माणिक. तुह्या नावावर मी हे गॅरेज बांधून राह्यलो. चार लोक मले म्हने, त्याचं नाव कायले लावता? मी म्हटलं, पंप त्याच्यासारखा कोनाले येत नाई. आता तूच चौकात जाऊन सांगशीन का मले येत नाई, तं मी बोर्ड कोन्या तोंडानं लावू बे?"

माणिकरावांनी बोर्डाकडे बघितलं. जनकाबाईनेही बघितलं. मग ते सायकलवर बसले आणि गेले.

पुढचं मला तुळशीरामने सांगितलं. तो रंगरावांचा ड्रायव्हर, आणि हा किस्सा तो हातवारे करून सांगायचा. कापसाच्या जिनाच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकात गाडी लादून तयार. हमाल, दोन-चार ड्रायव्हर, जिनाचा मुकादम, सगळे चहा पीत उभे. माणिकराव सायकल टाकून आले आणि गाडीच्या पुढ्यात मांडी घालून बसले.

"काय मिस्त्री, सत्याग्रह का?" तुळशीरामने विचारलं.

"गाडी नेऊ नको."

"काऊन?"

"मी खूण चुकीची मारली. पंप उशिरा मारून राह्यला. घाटात गाडी मरन."

"कोनं मारली?"

"म्या मारली."

तुळशीरामला ते खरं वाटेना. तो म्हणाला, "तुमी नाई, दुसऱ्या कोनं तरी हात लावला असन. नाव सांगा, पायतो त्याले." हमाल हसले. माणिकराव उठले, आणि फौजेत परेडला उभे राहतात तसे ताठ उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "खूण माझी आहे. रेघ अन् दोन ठिपके. नऊ गाड्यांवर आहे. ते नऊच्या नऊ चुकल्या. ज्याच्या गाडीवर आहे त्यानं गाडी लादू नका. मी येऊन बदलून देतो."

कोणी हसलं नाही. मुकादम म्हणाला, "एवढे दिवस मिस्त्री मिस्त्री म्हटलं." बस, एवढंच.

गाठी उतरवाव्या लागल्या. माणिकरावांनी तिथेच, फाटकात, गाडीखाली शिरून नवी खूण मारली. जुनी खूण मात्र घासून टाकली नाही. तिच्यावर छिन्नीने फुली मारली. तुळशीरामने विचारलं तर म्हणाले, "एकदा घासून पायलं. घासलेलं पुढच्याले दिसत नाई." दुसऱ्या दिवशी तीच गाडी बोथ्याचा घाट चढली. तुळशीराम सांगायचा, नेहमी दोनदा थांबून पाणी ओतावं लागे, त्या दिवशी न थांबता वर. "अन् मांगं पायलं तं धूर नाई. मले वाटलं गाडी बंद पडली!"

पुढचे आठ दिवस माणिकराव उरलेल्या गाड्यांमागे फिरले. जळगाव जामोदला महादेवराव म्हणून मालक होते. त्यांनी खूण बदलून घेतली, सगळं होईपर्यंत खुर्चीत बसून राहिले आणि शेवटी म्हणाले, "फौजेत हेच शिकवलं का तुमाले?" त्यांच्या ओसरीच्या कोनाड्यात एक कान तुटलेला कप होता. त्यात चहा आला. माणिकराव म्हणाले, "मी चूक सांगाले आलो होतो मालक. चहाचं काम नाई." आणि बस पकडून परत आले. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. जनकाबाईने सांगितलं.

त्या मालकांपैकी चौघांनी त्यानंतर त्यांच्याकडे पाऊल ठेवलं नाही.

रंगरावांनी बोर्ड लावला नाही. नव्या गॅरेजात अकोल्याहून एक मिस्त्री आणला, त्याच्या नावाचा दुसरा बोर्ड लागला. जुना बोर्ड हातगाडीवर घालून माणिकरावांच्या दारात आला. रंगरावांचा निरोप होता, "पत्रा चांगला आहे, कामी येईन."

जनकाबाईने तो कामी आणला. त्यांच्या झोपडीमागे न्हाणी होती, तिला एका बाजूने आडोसा नव्हता. तिथे तिने तो पत्रा उभा केला, अक्षरं आतल्या बाजूला करून. मी विचारलं, "अशी का?" तर म्हणाली, "रस्त्यावरच्यानं कायले वाचाव? ज्याचं नाव आहे तो आंघोळ करताना रोज वाचते." हे ती हसत म्हणाली. पण निळा डाग पडलेला पदर त्या दिवशी तिने धुऊन टाकला होता. डाग निघाला नव्हता, फिका झाला होता.

माणिकराव आमच्या कुंपणापलीकडच्या जुन्या पत्र्याच्या शेडमध्येच काम करत राहिले. तंबाखूच्या डबीत आता दोन सुतं होती, एक पांढरं, एक हळदीत पिवळं केलेलं. लहान भाकरीचं आणि मोठ्या भाकरीचं, असं ते म्हणायचे, आणि हळूहळू ड्रायव्हरही म्हणू लागले. नव्या बनावटीची कोणती गाडी आली की आधी पूर्ण घेर मोजायचे. पुस्तक असेल तर माझ्याकडे यायचे. पुढे मी आमच्या मुलांना डिग्री शिकवली ती भाकरी मोडूनच. गाडी दुरुस्त झाली की ते माझ्याकडून एक पांढरी चिंधी मागून न्यायचे आणि धुराच्या नळीपुढे धरायचे. चिंधी काळी झाली तर गाडी परत खोलायची. ड्रायव्हर कुरकुरायचे, "धूर नाई तं ताकत कशी दिसन मिस्त्री?" ते म्हणायचे, "घाटात दिसन."

पासष्ट गेलं, सहासष्ट उजाडलं. अकोल्याचा मिस्त्री अकोल्याला परत गेला होता. त्याच्या जागी आलेला दुसराही टिकला नाही. तुळशीराम रंगरावांची गाडी मालकाला न सांगता माणिकरावांकडे आणायचा, हे रंगरावांना सोडून सगळ्यांना माहीत होतं. एका सकाळी रंगराव स्वतःच आले. मी वाळवण घालत होते. माणिकराव न्हाणीत होते, म्हणून रंगराव तिथेच बाहेर थांबले. जनकाबाईने खाट टाकली, ते बसले नाहीत. माणिकराव ओले केस पुसत बाहेर आले, आणि न्हाणीच्या दारातून रंगरावांना आतला पत्रा दिसला.

"हा बोर्ड इथं काऊन लावला बे?"

माणिकरावांच्या आधी जनकाबाई बोलली. "तुमीच म्हटलं होतं भाऊ, पत्रा कामी येईन. आला."

रंगराव बराच वेळ ती अक्षरं वाचत राहिले. रंग कुठे कुठे उडाला होता, श्री तेवढा शाबूत होता. मग म्हणाले, "तुळशीराम गाडी इथं आनते हे मले समजत नाई असं वाटते का तुमाले? अन् महादेवराव मले काय म्हने माहीत आहे? म्हने, तुमच्या गॅरेजात नाई, जो चुकला म्हनून सोता सांगते त्याच्याकडंच आता गाडी टाकतो. चुकतात सारेच, बाकीचे सांगत नाईत, एवढंच." ते पत्र्याजवळ गेले. "काढ हा. गॅरेजच्या समोर लावू."

 माणिकरावांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि जनकाबाईकडे बघितलं.

"काढा म्हन्ता," ती म्हणाली, "अन् मंग मी आंघोळ कुठं करू? रस्त्याकडून उघडी?"

रंगराव असे हसले की त्यांना खाटेवर बसावं लागलं. "पाठवतो बाई, दुसरा पत्रा पाठवतो."

"आंधी तो येऊ द्या."

दुपारी नवा कोरा पत्रा आला. जनकाबाईने तो स्वतः ठोकून बसवला, हलवून बघितला आणि मगच जुन्याला हात लावू दिला. पेंटरने अक्षरं पुन्हा रंगवली. रंगरावांनी विचारलं, "आणखी काही लिवाचं का?" माणिकराव म्हणाले, "आहे ते पुरे."

तो बोर्ड नांदुरा रोडवर वीस वर्षं होता. माणिकराव गेले त्या वर्षीही होता. पेंटरने अक्षरं नवी केली, पण पत्र्याची खालची कड घासून साफ करायचं त्याच्या लक्षात आलं नव्हतं. श्री. माणिकराव हिवराळे या नावाच्या खाली साबणाच्या पाण्याचे पांढरे ओघळ वाळलेले होते, ते तसेच राहिले. रस्त्याने जाताना नवख्या माणसाला वाटे, पावसाने रंग उतरला.